बुटातली शॅम्पेन आणि गोरिलाचा पोशाख: फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर असे का वागतात?

४ मे २०२५. मायामीची शर्यत सुरू व्हायला अजून वेळ होता आणि फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतमालिकेचे वीसच्या वीस ड्रायव्हर लेगोच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या गाड्यांतून ट्रॅकवर फिरत होते. दहा गाड्या, प्रत्येकीत दोघं, प्रत्येकीला जवळपास चार लाख ठोकळे, वेग ताशी जास्तीत जास्त वीस किलोमीटर. बघता बघता त्यांनी एकमेकांना धडका द्यायला सुरुवात केली. ठोकळे ट्रॅकवर सांडले. एरवी सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी भांडणारी ही माणसं पोट धरून हसत होती.

ती रील पुण्यातही मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. कोथरूडच्या आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ती नातीच्या फोनवर पाहिली आणि मला सरळ विचारलं, ‘कोट्यवधी रुपये घेणारी ही माणसं असला पोरखेळ करतात आणि तुम्ही पोरं त्यांना खेळाडू म्हणता?’

प्रश्न रास्त आहे. क्रिकेट, कुस्ती, कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटणारच. कुणी बक्षीस घेताना बुटात दारू ओतून पितो, कुणी गोरिला बनून बोट चालवतो, तर कुणी गाडी बंद पडल्यावर खुर्ची ओढून उन्हात बसतो. माझं म्हणणं असं, की या उचापतींकडे कामातली सुट्टी म्हणून बघितलं तर त्या कळत नाहीत. या ड्रायव्हरांच्या आयुष्यातलं जवळजवळ सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. मस्ती हा त्यांच्या स्वतःच्या हातात उरलेला छोटासा तुकडा आहे.

आधी वेळेचा हिशेब

एक शर्यत म्हणजे शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस. नेहमीच्या वेळापत्रकात एकेका तासाचे तीन सराव, शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणारी साधारण तासाभराची पात्रता फेरी आणि मग मुख्य शर्यत. शर्यतीचं अंतर सुमारे ३०५ किलोमीटर, वेळ दीड ते दोन तास. सगळी बेरीज केली तर ड्रायव्हर तीन दिवसांत पाच-सहा तासच गाडीत असतो.

ते तास मात्र भयंकर असतात. ब्रेक दाबताना शरीरावर स्वतःच्या वजनाच्या पाचपट जोर येतो. सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी घामावाटे दोन-तीन किलो वजन उतरतं. मान आखडते, हात भरून येतात, आणि या सगळ्यात ताशी तीनशेच्या वेगानं निर्णय घ्यायचे असतात.

उरलेला वेळ पॅडॉकमध्ये जातो. पॅडॉक म्हणजे गॅरेजच्या मागचा, पास असल्याशिवाय आत जाता येत नाही असा संघांचा परिसर. तिथे इंजिनिअरांबरोबर बैठका, प्रायोजकांच्या पाहुण्यांशी हस्तांदोलन, एकच प्रश्न पंधरा कॅमेऱ्यांसमोर. डोक्यावरची टोपी आणि मनगटावरचं घड्याळ करारात ठरलेलं. राष्ट्रगीताला कुठे, किती वाजता उभं राहायचं ते नियमात ठरलेलं. २०२५मध्ये अशा चोवीस शर्यती झाल्या, मार्चमध्ये ऑस्ट्रेलियापासून डिसेंबरमध्ये अबू धाबीपर्यंत.

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी जो विंगेत उभा राहिलाय त्याला हे चटकन कळेल. महिनाभर तालमी झालेल्या असतात, बाहेर दुसऱ्या कॉलेजची पोरं घसा फोडून ओरडत असतात, आणि तिसरी घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी आपला मुख्य नट कुणाची तरी नक्कल करून सगळ्यांना हसवत असतो. त्याला नाटकाचं गांभीर्य नाही असं आपण म्हणत नाही. पडदा उघडला की तोच माणूस रडवतो, हे आपण पाहिलेलं असतं.

सेना आणि बर्गर: कॅमेरा नसतानाच्या खोड्या

१९९० ते १९९२ या तीन वर्षांत मॅक्लारेन संघात दोघे ड्रायव्हर होते. ब्राझीलचा आयर्टन सेना आणि ऑस्ट्रियाचा गेरहार्ड बर्गर. सेना म्हणजे एकाग्रतेचा पुतळा. शर्यतीपुढे त्याला दुसरं काही सुचत नसे. बर्गर वेगवान होताच, शिवाय पक्का खोडकर.

एकदा हेलिकॉप्टरमधून जाताना सेनानं आपली नवी ब्रीफकेस दाखवली. कार्बन फायबरची, म्हणजे गाडीचा सांगाडा ज्यापासून बनतो त्याच धाग्याची. ‘ही फुटूच शकत नाही,’ असं तो म्हणाला. बर्गरनं दार उघडलं आणि ब्रीफकेस खाली सोडून दिली. ऑस्ट्रेलियात त्यानं सेनाच्या हॉटेलच्या खोलीत बेडूक सोडले. सेना बराच वेळ बेडूक पकडत बसला आणि संतापून जाब विचारायला गेला, तर बर्गर शांतपणे म्हणाला, ‘साप सापडला का?’ सेनानंही उट्टं काढलं. बर्गरच्या खोलीतल्या वातानुकूलन यंत्रात उग्र वासाचं चीज कोंबलं, त्याची क्रेडिट कार्डं एकमेकांना चिकटवून टाकली. मग बर्गरनं सेनाच्या पासपोर्टवरचा फोटो बदलला आणि सेना परदेशात विमानतळावर अडकला. बर्गरनं स्वतः हे किस्से नंतर अनेकदा सांगितले आहेत.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९८९मध्ये इटलीतल्या इमोला ट्रॅकवर, ताम्बुरेलो नावाच्या वळणावर बर्गरची फेरारी भिंतीवर आदळून पेटली होती. मदतनीस काही सेकंदांत पोहोचले म्हणून तो वाचला, हात भाजले. १ मे १९९४ रोजी त्याच वळणावर सेनाचा मृत्यू झाला. आदल्याच दिवशी त्याच ट्रॅकवर बर्गरचा देशबांधव रोलंड रॅट्झनबर्गर गेला होता.

बेडूक आणि ब्रीफकेस यांकडे मी याच उजेडात बघतो. एकमेकांना हरवायला निघालेली, आणि कुठल्याही रविवारी कायमची जाऊ शकतील अशी दोन माणसं एका छपराखाली राहत होती. खोड्यांमुळे त्यांच्यात मैत्री टिकली. त्या बघायला तिथे कुणी प्रेक्षक नव्हता.

पण लक्ष विचलित होत नाही का?

याचं उत्तर फिनलंडच्या किमी रायकोनेनच्या २००७ सालात आहे. त्या वर्षी तो फेरारीत नवा होता. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर त्यानं आपल्या देशात बर्फावरच्या स्कूटरची शर्यत खेळली, नाव बदलून. कोणतं नाव घेतलं, तर ‘जेम्स हंट’. १९७६चा जगज्जेता आणि मौजमजेसाठी प्रसिद्ध असलेला ब्रिटिश ड्रायव्हर. मग मेलबर्नला जाऊन मोसमातली पहिली ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, जिंकली. उन्हाळ्यात हांको गावच्या मोटरबोटींच्या शर्यतीत तो मित्रांबरोबर उतरला, अंगात गोरिलाचा पोशाख. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या शेवटच्या शर्यतीनंतर वर्षभराची बेरीज अशी: रायकोनेन ११० गुण, लुईस हॅमिल्टन १०९, फर्नांडो अलोन्सो १०९. एका गुणानं जगज्जेता.

गोरिला बनल्यामुळे तो जिंकला असं कुणी म्हणणार नाही. मुखवटा घातल्यावर मुलाखत मागणारं कुणी भेटत नाही, एवढंच त्याला हवं असावं. रायकोनेनला गाडी आवडायची आणि बाकीचा व्याप नको असायचा. २००९मध्ये मलेशियात पावसानं शर्यत थांबली, बाकीचे ड्रायव्हर गाड्यांत बसून पुन्हा सुरू होण्याची वाट बघत होते, आणि गाडी बिघडलेला रायकोनेन अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खाताना टीव्हीवर दिसला. शर्यत अधिकृतपणे संपलीही नव्हती.

दुखापतीचा धोका मात्र खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. लान्स स्ट्रोल २०२३चा मोसम सुरू होण्याआधी सायकलवरून पडला आणि त्याची मनगटं मोडली. रॉबर्ट कुबिट्साचा २०११मध्ये इटलीतल्या एका छोट्या रॅलीत इतका गंभीर अपघात झाला की त्याला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परतायला २०१९ उजाडलं. म्हणूनच कोणते छंद चालतील आणि कोणते नाहीत, यावर संघ बारीक लक्ष ठेवतात.

बुटातून शॅम्पेन हा काय प्रकार?

आधी शॅम्पेन उडवण्याविषयी. १९६७मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट या अमेरिकन जोडीनं फोर्ड गाडीतून जिंकली. बक्षीस म्हणून मिळालेली बाटली प्यायच्याऐवजी गर्नीनं हलवली आणि समोर उभ्या असलेल्यांवर फवारली. त्यांत खुद्द हेन्री फोर्ड दुसरे होते. त्या एका क्षणाच्या आनंदाचा आज जगभरचा शिरस्ता झालाय. बहारीनमध्ये दारूऐवजी गुलाबपाण्याचं पेय देतात, पण उडवतात तसंच.

बुटाची कल्पना ऑस्ट्रेलियाची. २०१६च्या जूनमध्ये मोटरसायकलस्वार जॅक मिलरनं नेदरलँड्समधल्या ॲसेनला जिंकल्यावर बुटातून शॅम्पेन प्यायली. पुढच्याच महिन्यात जर्मनीत दुसरा आलेल्या डॅनियल रिकियार्डोनं ती फॉर्म्युला वनमध्ये आणली. नंतर त्यानं माजी ड्रायव्हर मार्क वेबरला पाजली, अभिनेते पॅट्रिक स्टुअर्ट यांना पाजली. घामानं भिजलेला तो बूट बघून किळस येते, मला मान्य आहे. पण राष्ट्रगीत, करंडक, प्रायोजकाची टोपी अशा आखीव सोहळ्यात तो एक घोट कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, म्हणून लोकांना भावला.

हे सगळं कॅमेऱ्यासाठीच ना?

बरंचसं, हो. २०१७च्या जानेवारीपर्यंत या खेळाचा कारभार बर्नी एक्लस्टोन यांच्या हाती होता. पॅडॉकमध्ये चित्रण करून ते समाजमाध्यमांवर टाकायला तेव्हा ड्रायव्हरांना मज्जाव असे. लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीनं खेळ विकत घेतला आणि हे दार उघडलं. २०१९मध्ये नेटफ्लिक्सची या खेळावरची मालिका आली. २०२०च्या टाळेबंदीत तरुण ड्रायव्हर घरून संगणकावर शर्यती खेळू लागले, चार्ल्स लेक्लेर केळ्याचा पोशाख घालून बसला, लँडो नॉरिसनं मदतनिधीसाठी लोकांसमोर डोकं भादरलं. फर्ग्युसन रस्त्यावर फेरारीचा लाल टी-शर्ट घालून फिरणाऱ्या कॉलेजच्या मुलींशी बोला. कितीतरी जणी या खेळाकडे गाडीच्या इंजिनामुळे आलेल्या नसतात, या माणसांमुळे आलेल्या असतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. माणूस आवडला की त्याचं काम समजून घ्यावंसं वाटतं, आणि याच मुली पुढे टायरच्या प्रकारांवर तासभर वाद घालतात.

आपल्या देशात तर ‘खेळ की करमणूक’ हा प्रश्न पैशांत मोजला गेला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडात इंडियन ग्रांप्री झाली. उत्तर प्रदेश सरकारनं तिला खेळाऐवजी करमणूक मानून कर लावला, आणि ती शर्यत बंद पडण्यामागे करांचे वाद हे मोठं कारण होतं.

तरी आखलेली गंमत आणि आतून आलेली गंमत यांत फरक करता येतो. लेगोच्या गाड्या कुणीतरी ठरवून आणल्या होत्या. धडका मात्र ड्रायव्हरांच्या. दुसरं टोक बघायचं तर २०१५चं ब्राझील. मॅक्लारेनला होंडाचं नवं इंजिन होतं आणि ते वर्षभर रडवत होतं. अलोन्सोनं जपानमध्ये, होंडाच्याच मालकीच्या सुझुका ट्रॅकवर, रेडिओवरून त्या इंजिनाला खालच्या दर्जाच्या स्पर्धेतलं इंजिन म्हणून हिणवलं होतं. त्यावरून गदारोळ झाला. ब्राझीलच्या पात्रता फेरीत गाडी पुन्हा बंद पडली. तो ट्रॅकशेजारच्या एका घडीच्या खुर्चीत जाऊन बसला, तोंड सूर्याकडे केलं आणि ऊन खात राहिला. त्याच दिवशी तो आणि त्याचा जोडीदार जेन्सन बटन रिकाम्या पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या बक्षिसाच्या चौथऱ्यावर, उगाचच चढून हात हलवून आले. गाडीच्या जोरावर तिथे पोहोचणं त्या वर्षी त्यांच्या नशिबात नव्हतं. एक शब्द न बोलता त्यांनी सगळी तक्रार मांडली. कुठला करार माणसाला खुर्चीत बसायला मनाई करणार?

मग दंड का होतो?

२७ ऑक्टोबर २०१३, ग्रेटर नोएडा. सेबास्टियन व्हेटेलनं शर्यत जिंकली आणि सलग चौथं जगज्जेतेपद नक्की केलं. मुख्य प्रेक्षागृहासमोर त्यानं गाडी धुराळा उडवत गोल गोल फिरवली, खाली उतरला, गुडघे टेकून गाडीला वाकून नमस्कार केला, मग जाळीवर चढून हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या आपल्या लोकांना तो नमस्कार काय भिडला असेल! स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याला ताकीद दिली आणि संघाला २५ हजार युरो दंड केला.

हा खडूसपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. शर्यत संपताच गाडी ‘पार्क फर्मे’मध्ये न्यावी लागते. ही पहाऱ्यातली जागा. तिथे तपासणी होईपर्यंत संघाला गाडीला हात लावता येत नाही. गाडीचं आणि ड्रायव्हरचं वजन होतं, इंधनाचा नमुना घेतात. गाडी मध्येच सोडली तर कुणी काही फेरफार केला का, ही शंका उरते. नियमाची बाजू मला पटते. आणि नियम सांभाळून सवड काढता येते, हेही दिसलंय: २०१८मध्ये अबू धाबीत अलोन्सो निरोप घेत असताना हॅमिल्टन आणि व्हेटेल त्याच्या दोन्ही बाजूंना आले आणि तिघांनी मिळून गाड्या गोल फिरवल्या.

जिथे शंका घ्यायला असं कारण नसतं, तिथे मला ड्रायव्हरांची बाजू घ्यावीशी वाटते. २०२२मध्ये एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेनं दागिने आणि अंतर्वस्त्रांच्या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू केली. आगीच्या वेळी धातू किंवा साधं कापड त्वचेला चिकटू नये, हा मूळ हेतू चांगलाच. पण तपासणीचा सूर शाळेतल्या गणवेश-तपासणीचा झाला, आणि मायामीत व्हेटेल शर्यतीच्या पोशाखावरून चड्डी चढवून आला. २०२४मध्ये सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत मॅक्स व्हर्स्टॅपननं गाडीबद्दल एक शिवी उच्चारली म्हणून त्याला समाजसेवेची शिक्षा झाली. पुढच्या परिषदेत त्यानं एकेका शब्दाची उत्तरं दिली आणि नंतर खोलीबाहेर जाऊन पत्रकारांशी मनमोकळ्या गप्पा मारल्या. शिक्षा त्यानं डिसेंबरमध्ये रवांडात पूर्ण केली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ड्रायव्हरांच्या संघटनेनं उघड पत्र काढून सांगितलं होतं, की आम्ही प्रौढ माणसं आहोत, आम्हाला तसं वागवा. २०२५च्या सुरुवातीला दंडाचे आकडे वाढवले गेले आणि मे महिन्यात पुन्हा कमी करावे लागले.

लाडका असला की जागा टिकते का?

नाही. रिकियार्डोनं आठ ग्रांप्री जिंकल्या. शेवटची २०२१मध्ये इटलीतल्या मोंझाला, जिथे त्यानं जोडीदार नॉरिसलाही बुटातून प्यायला लावलं. पुढच्या वर्षी मॅक्लारेननं त्याचा करार मुदतीआधी संपवला. २०२४च्या सिंगापूर शर्यतीनंतर त्याच्या नव्या संघानंही मोसम अर्धवट असताना त्याच्या जागी लियाम लॉसनला बसवलं. जगात त्याच्याइतके चाहते असलेले ड्रायव्हर मोजकेच होते. वेग कमी पडला तेव्हा त्यांतलं काही उपयोगी आलं नाही.

आमची पोरं हे बघून बिघडतील त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्यावर काय चालतं ते आपण बघतो. वर सांगितलेल्या उचापतींची यादी पुन्हा चाळा. बूट, बेडूक, खुर्ची, चड्डी, गोरिला. गाडीचा धोकादायक वापर त्यांत जवळपास नाहीच. जिथे गाडी फिरवली, तिथे ट्रॅक बंद होता, अडथळ्यांच्या भिंती होत्या, डॉक्टर हजर होते, आणि २०१३ साली त्यालाही दंड झाला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे. मुलगा या ड्रायव्हरांचा चाहता असेल तर त्याला हेच सांगा: जगातली सर्वांत वेगवान माणसं मस्ती करतात ती गाडीतून उतरल्यावर.

बघायचं असेल तर कधी बघायचं?

युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. त्याआधी साधारण दोन तास, म्हणजे साडेचारच्या सुमाराला, ड्रायव्हरांची परेड असते. ट्रकवर किंवा जुन्या गाड्यांत उभं राहून ते प्रेक्षकांना हात करत फेरी मारतात. कोण कुणाच्या कानात काय सांगून हसतोय ते तिथे दिसतं. शर्यत संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका. पोडियमवर जाण्याआधी पहिले तिघे एका छोट्या खोलीत पाणी पीत बसतात आणि पडद्यावर शर्यतीची क्षणचित्रं बघतात. त्या खोलीत माइक चालू असतो. अर्ध्या तासापूर्वी ज्यानं आपल्याला जवळजवळ भिंतीत घातलं होतं, त्याच्याशी ते तिथे ‘तू तिकडून आलास तेव्हा मला वाटलं गेलो आता’ अशा थाटात बोलत असतात.